पौराणिक चित्रपट आणि मराठी प्रेक्षक

पौराणिक चित्रपट आणि मराठी प्रेक्षक यांचे नाते भारतीय चित्रपटाच्या जन्माइतकेच जुने आहे. देव, दानव, संत आणि त्यांचे चमत्कार पडद्यावर पाहताना महाराष्ट्रातील प्रेक्षकांनी पादत्राणे काढून ठेवली, हात जोडले, नाणी उधळली आणि आरत्या ओवाळल्या, अशी वर्णने दादासाहेब फाळके यांच्या 'लंका दहन' (१९१७) पासून 'जय संतोषी माँ' (१९७५) पर्यंत वारंवार आढळतात. या वर्णनांवरून तो प्रेक्षक भोळा होता, त्याला चित्र आणि देव यांतील भेद कळत नव्हता, असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. उपलब्ध माहिती मात्र या निष्कर्षाला फारशी अनुकूल नाही. पडद्यावरील देव हा वेष घेतलेला नट आहे आणि चमत्कार ही यंत्राची करामत आहे, हे प्रेक्षकाला बहुधा ठाऊक होते. ते ठाऊक असूनही तो नमस्कार करीत असे. या वागण्याची मुळे कीर्तन, दशावतार आणि संगीत नाटक यांच्या परंपरेत शोधावी लागतात.

संज्ञा व व्याप्ती

ख्रिस्ती, ज्यू व इस्लामी परंपरांत ईश्वराचे निरोप आणणाऱ्या दिव्य व्यक्तींना मराठीत 'देवदूत' म्हणतात आणि त्यांच्या विरोधी शक्तीला 'सैतान'. देवदूत आणि सैतान यांच्या संघर्षावर पाश्चात्त्य चित्रपटांची एक मोठी परंपरा उभी आहे. मराठी प्रेक्षकाच्या परिचयाचे अद्भुत जग याहून निराळे आहे. त्यात यमदूत आणि विष्णुदूत आहेत. भागवतातील अजामिळाच्या आख्यानात हे दोन्ही दूत मरणासन्न माणसाच्या उशाशी वाद घालतात आणि हे आख्यान कीर्तनकारांच्या आवडीचे आहे. शिवाय गंधर्व, अप्सरा, यक्ष आहेत आणि तिन्ही लोकी फिरणारा नारद आहे. दानवही निखळ दुष्ट नाहीत. प्रल्हाद हा दैत्याचा पुत्र, तर बळिराजाची पूजा दिवाळीच्या पाडव्याला आजही होते. रत्नागिरी जिल्ह्यात शिमग्याच्या खेळांत काळ्या वेषातला संकासुर घरोघरी येतो, तेव्हा लहान मुले घाबरून पळतात आणि मोठी माणसे त्याच्या पाया पडतात. पडद्यावरचा राक्षस पाहताना मराठी प्रेक्षक एकाच वेळी का घाबरतो आणि का हसतो, याचे निम्मे उत्तर येथेच सापडते.

देवदेवतांच्या कथांवरील चित्रपटांना 'पौराणिक', संतचरित्रांवरील चित्रपटांना 'संतपट' आणि भुताखेतांच्या चित्रपटांना 'भयपट' म्हणण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः पहिल्या दोन प्रकारांचा विचार केला असून भयपटांचा उल्लेख शेवटी थोडक्यात येतो.

पार्श्वभूमी

७ जुलै १८९६ रोजी मुंबईतील वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलत्‌चित्रांचा पहिला खेळ झाला. त्यात स्थानकात शिरणाऱ्या आगगाडीचे चित्रही होते. हे चित्र पाहून पॅरिसमधील प्रेक्षक घाबरून पळाले, अशी कथा जगभर प्रसिद्ध आहे. टॉम गनिंग यांच्यासारख्या चित्रपट-इतिहासकारांनी तिच्या खरेपणाविषयी गंभीर शंका घेतली आहे. त्यांच्या मते त्या प्रेक्षकांना यंत्राच्या करामतीचे आश्चर्य वाटत होते, गाडी खरी आहे असे ते मानत नव्हते. भारतीय पौराणिक चित्रपटांच्या प्रेक्षकांविषयीच्या कथा वाचताना हे उदाहरण ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

मराठी प्रेक्षकाला देवाचे सोंग पाहण्याची सवय चित्रपटापूर्वीपासूनची होती. दक्षिण कोकणातील दशावतारात गावातला ओळखीचा माणूस रंग लावून विष्णू होतो, आणि पहाटे रंग उतरवून पुन्हा आपल्या कामाला लागतो. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर समाजातील कलावंत चित्रकथीच्या पोथ्या आणि बाहुल्या यांच्या साहाय्याने रामायण-महाभारतातील कथा सांगत आले आहेत. नारदीय कीर्तनात बुवा नारदाच्या गादीवर उभे राहतात, म्हणून वयाने वडील असलेला श्रोताही त्यांच्या पाया पडतो. तो नमस्कार त्या व्यक्तीला नसून त्या जागेला आहे, हे दोघांनाही माहीत असते.

यात कल्याणच्या पटवर्धन कुटुंबाच्या 'शांबरिक खरोलिका' या खेळाचाही उल्लेख करावयास हवा. महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी १८९०च्या दशकात काचेच्या पट्ट्यांवर हाताने चित्रे रंगवून ती दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पाडण्यास सुरुवात केली. रामायण-महाभारतातील प्रसंग या चित्रांतून दाखवले जात. म्हणजे पडद्यावरचा, प्रकाशाने घडलेला देव महाराष्ट्राने फाळके यांच्या आधीच पाहिला होता; फक्त तो पुरता हलू-चालू लागला नव्हता.

प्रेक्षक म्हणून दादासाहेब फाळके

या इतिहासातील पहिला महत्त्वाचा प्रेक्षक-प्रतिसाद स्वतः धुंडिराज गोविंद फाळके (१८७०–१९४४) यांचा आहे. १९१०-११च्या सुमारास मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पुढे 'नवयुग' मासिकातील लेखमालेत (१९१७-१८) त्यांनी या अनुभवाविषयी लिहिले. ख्रिस्ताचे प्रसंग डोळ्यांपुढून सरकत असताना आपल्या मनात राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, अशा आशयाचे त्यांचे निवेदन आहे. परधर्मातील दिव्यकथा पाहताना एका मराठी प्रेक्षकाला स्वतःचे देव दिसले आणि त्यातून भारतीय चित्रपट जन्मला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या प्रसंगाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. फाळके यांनी पत्नी सरस्वतीबाई यांनाही तो चित्रपट दाखवला आणि चित्रे हलतात कशी हे समजावे म्हणून खेळानंतर त्यांना प्रक्षेपणाच्या खोलीत नेले. दिव्यकथा आणि ती दाखवणारे यंत्र अशी दोन्ही दर्शने एकाच वेळी घडली. सरस्वतीबाईंनी पुढे फाळके यांच्या चित्रपटांची तांत्रिक कामेही शिकून घेतली. फाळके स्वतः जादूचे प्रयोग करीत आणि आपले आडनाव उलटवून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने रंगमंचावर येत. जादूगाराच्या प्रेक्षकाला हातचलाखी आहे हे माहीत असते. ती कळत नाही, यातच त्याची मौज असते.

राजा हरिश्चंद्र (१९१३)

'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया नाट्यगृहात निमंत्रितांना दाखवण्यात आला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी प्रदर्शित झाला. दत्तात्रय दामोदर दाबके यांनी हरिश्चंद्राची, फाळके यांचे पुत्र भालचंद्र यांनी रोहिदासाची आणि अण्णा साळुंके यांनी तारामतीची भूमिका केली होती. साळुंके हे ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात कामाला होते. नायिकेच्या भूमिकेसाठी स्त्री न मिळाल्याने फाळके यांनी त्यांची निवड केली. मुंबईच्या खेळात चित्रपटाच्या जोडीला नृत्य, विनोदी प्रवेश आणि पायांनी कसरत करणाऱ्या कलावंताचा कार्यक्रमही ठेवलेला होता.

चित्रपट मुंबईत यशस्वी झाला, पण सर्वत्र तसे घडले नाही. सुरतेत पहिल्या दिवसाचे उत्पन्न अवघे तीन रुपये झाले, अशी हकिकत सांगितली जाते. चार-सहा तासांचे नाटक पाहण्याची सवय असलेल्या लोकांना तेवढ्याच पैशांत तासाभराचाही नसलेला खेळ महाग वाटला. त्यावर फाळके यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, अशा अर्थाची जाहिरात केली आणि गर्दी लोटली. ही हकिकत प्रेक्षकाविषयी बरेच काही सांगते. देवाधर्माची कथा आहे एवढ्यावर तो आला नाही. त्याने आधी हिशेब केला, आणि जाहिरातीनेही त्याला कथेतील पुण्य सांगितले नाही, फितीची लांबी सांगितली.

लंका दहन (१९१७)

पादत्राणे काढून चित्रपट पाहण्याची सर्वांत जुनी आणि सर्वाधिक उद्धृत होणारी आठवण 'लंका दहन' या मूकपटाची आहे. पडद्यावर रामाचे दर्शन होताच प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढीत, असे वर्णन केले जाते. तिकीट-खिडकीवर जमलेली नाणी पोत्यांत भरून बैलगाड्यांतून नेली गेल्याचीही कथा आहे. पुण्याच्या आर्यन सिनेमात गर्दीमुळे दरवाजे मोडण्याची वेळ आली, असे सांगतात. या कथांत अतिरंजन किती, हे आज ठरवणे अवघड आहे. चित्रपटाला असाधारण यश मिळाले होते, एवढे मात्र निर्विवाद.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या अण्णा साळुंके यांनीच केल्या होत्या. ज्या रामासाठी लोकांनी वहाणा काढल्या, तोच नट पुढच्या प्रसंगात लुगडे नेसून अशोकवनात बसलेला होता, आणि त्याचे पुरुषी दंड लुगड्याच्या पदराखाली पुरते झाकले जात नव्हते. प्रेक्षकांना हे दिसले नसेल असे मानणे कठीण आहे. संगीत नाटकांतील स्त्री-भूमिका पुरुषच करतात हे माहीत असलेल्या त्या पिढीला यात वावगे वाटले नाही.

चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी बालपणी पाहिलेल्या या चित्रपटाची आठवण लिहून ठेवली आहे. आकाशात उडत जाणारा मारुती हळूहळू लहान होत गेलेला दिसणे आणि लहान प्रतिकृतींच्या साहाय्याने चित्रित केलेले लंकेचे जळणे, या दोन दृश्यांनी ते थक्क झाले होते. वाडिया पारशी होते. त्यांच्या विस्मयाचे मूळ मारुतीभक्तीत नव्हते, तर छायाचित्रणाच्या कौशल्यात होते. थिएटरात त्यांच्या शेजारी कदाचित हात जोडून बसलेला कोणी असेल. पण तोही छायाचित्रणाने थक्क झाला नसेल, असे कशावरून म्हणावे?

कालिया मर्दन व करामतीचे प्रदर्शन

फाळके आपल्या युक्त्या लपवीत नसत. 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपट त्यांनी याच काळात केला आणि त्यात स्वतःला काम करताना दाखवले. 'श्रीकृष्ण जन्म' (१९१८) मध्ये भयभीत कंसाला आपलेच मस्तक धडावेगळे होऊन तरंगताना दिसते, हा प्रसंग प्रेक्षकांत विशेष गाजला. 'कालिया मर्दन' (१९१९) ची सुरुवात तर याहून बोलकी आहे. कृष्णाची भूमिका करणारी फाळके यांची कन्या मंदाकिनी प्रथम साध्या रूपात येते, चेहऱ्यावर निरनिराळे भाव दाखवते, आणि मग ती कृष्णाच्या वेषात दिसू लागते. म्हणजे ही माझी मुलगी आहे, आता ती कृष्ण होणार आहे, असे निर्माता आरंभीच सांगून टाकतो. एवढे सांगितल्यावर पुढे कालियाच्या फण्यांवर नाचणाऱ्या त्या मुलीला लोकांनी हात जोडले असतील, तर ते फसून जोडले असे म्हणता येत नाही. या चित्रपटाचा मोठा भाग सुदैवाने टिकून आहे आणि विद्यार्थ्यांनी तो अवश्य पाहावा.

संत तुकाराम (१९३६)

प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात प्रदर्शित झाला आणि तेथे सलग ५७ आठवडे चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याची गणना जगातील तीन उत्कृष्ट चित्रपटांत झाली. दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचे, कथा-संवाद शिवराम वाशीकर यांचे होते. वारकरी संप्रदायाच्या या आवडत्या चित्रपटाचा एक दिग्दर्शक मुसलमान होता, याचे त्या काळी कोणाला वैषम्य वाटल्याचे दिसत नाही. त्याच जोडीच्या 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) मध्ये ज्ञानेश्वरांची भूमिका करणारे आणि अनेक चित्रपटांतून कृष्ण साकारणारे शाहू मोडक हे अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबातले होते. ख्रिस्ताचा चित्रपट पाहून फाळके यांना कृष्ण दिसला होता. पुढे महाराष्ट्राचा सर्वांत लाडका कृष्ण एका ख्रिस्ती घरातून आला.

'संत तुकाराम' मध्ये चमत्कार पुष्कळ आहेत. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या परत मिळतात, कीर्तनाला बसलेल्या शिवाजी महाराजांना पकडण्यास आलेल्या सैनिकांना जिकडेतिकडे शिवाजीच दिसू लागतात, आणि अखेरीस तुकाराम गरुडाच्या विमानातून वैकुंठाला जातात. या साऱ्यांना तोल देते ती तुकारामांची पत्नी जिजाई. गौरी या अभिनेत्रीने साकारलेली ही जिजाई उपाशी मुलांची काळजी वाहते, विठोबाला शिव्या घालते आणि एकदा तर त्याला मारण्यासाठी वहाण घेऊन देवळात जाते. एकाच पडद्यावर भक्ती आणि तिच्यावरचा रोकडा आक्षेप दोन्ही होते, आणि प्रेक्षक दोन्हींत सामील होत असे. माझ्या मते या चित्रपटाच्या दीर्घायुष्याचे रहस्य विमानात नाही, जिजाईत आहे. वैकुंठाला येण्याचे निमंत्रण मिळूनही ती संसारात राहते. त्यामुळे घरोघरच्या बायकांना हा चित्रपट आपला वाटला.

तुकारामांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस हे मूळचे रंगभूमीवर स्त्री-भूमिका करणारे नट. या भूमिकेने त्यांचे आयुष्य बदलले. लोक त्यांना तुकारामांच्या ठायी मानू लागले आणि तेही त्या भावात राहू लागले. तुकारामांची म्हणून घरोघरी लागलेली पुष्कळ चित्रे वस्तुतः पागनीसांच्या चेहऱ्यावरून काढलेली आहेत. याच्या उलट उदाहरण 'धर्मात्मा' (१९३५) चे आहे. त्यात बालगंधर्व एकनाथ झाले होते, परंतु चित्रपटाला अपेक्षित यश मिळाले नाही. तेही स्त्री-भूमिकांचेच नट, किंबहुना त्या कलेतील सम्राट. पण प्रेक्षक त्यांना बालगंधर्व म्हणून इतके ओळखत होता की एकनाथांना जागाच उरली नाही. म्हणजे प्रेक्षक नटात संत पाहण्यास तयार असला, तरी तो कोणाही नटात संत पाहत नव्हता.

आणखी एक गमतीची गोष्ट गीतांविषयीची. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी बीज आणि वृक्ष यांच्या रूपकावर एक पद रचले. ते इतके तुकारामांच्या वळणाचे उतरले की अनेकांनी, त्यांत जाणकारही होते, ते गाथेतलेच अभंग मानले. फसवणूक म्हणावी अशी ही एकच घटना या साऱ्या इतिहासात आढळते, आणि तिच्यात फसलेले लोक खेडवळ नसून सुशिक्षित होते!

जय संतोषी माँ (१९७५)

स्वातंत्र्योत्तर काळात पौराणिक चित्रपट दुय्यम मानला जाऊ लागला. ३० मे १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या 'जय संतोषी माँ' या अल्पखर्चिक हिंदी चित्रपटाने हा समज उलथून टाकला. 'दीवार' आणि 'शोले' यांच्या वर्षात त्याने त्यांच्या जोडीने यश मिळवले. दिग्दर्शन विजय शर्मा यांचे, गीते कवी प्रदीप यांची, संगीत सी. अर्जुन यांचे. आरतीसह प्रमुख गीते उषा मंगेशकर यांच्या आवाजात आहेत.

मुंबईसह अनेक शहरांत थिएटरांचे देवळांत रूपांतर झाल्याची वर्णने प्रसिद्ध आहेत. स्त्रिया पूजेचे तबक घेऊन येत, आरतीच्या वेळी उभ्या राहत, पडद्यावर फुले, तांदूळ आणि नाणी टाकीत. वहाणा बाहेर काढल्या जात. गूळ-चण्याचा प्रसाद वाटला जाई. देवीची भूमिका करणाऱ्या अनिता गुहा यांनी मुलाखतींत सांगितले आहे की, जेथे पौराणिक चित्रपट सहसा लागत नसत त्या वांद्र्यातही तो सुमारे पन्नास आठवडे चालला, आणि लोक त्यांच्या पाया पडून मुलांना त्यांच्या पायांवर घालीत. भूमिका स्वीकारण्यापूर्वी त्यांना स्वतःला या देवीची माहिती नव्हती.

हे व्रत चित्रपटाने निर्माण केले, हा समज बरोबर नाही. सोळा शुक्रवारांचे व्रत, त्या दिवशी आंबट वर्ज्य असणे आणि गूळ-चण्याचा नैवेद्य हे सारे स्वस्त व्रतकथांच्या पुस्तिकांतून आधीच पसरले होते. चित्रपटाने त्याला गाणी, चेहरा आणि एकत्र जमण्याची जागा दिली. वीणा दास आणि फिलिप लुटगेंडॉर्फ या अभ्यासकांनी या चित्रपटाचा गांभीर्याने विचार केला आहे. सासरी छळ सोसणारी सून, आणि तिच्यासाठी थोरल्या देवींशीही उभा दावा मांडणारी धाकटी देवी, ही कथा दुपारच्या खेळाला आलेल्या बायकांना अनोळखी नव्हती. शुक्रवारी घरातील सर्वांना आंबट टाळायला लावणे एवढी सत्ताही ज्या घरात एरवी सुनेला नसते, त्या घरात या व्रताचा अर्थ काय होता, हे टीकाकारांनी क्वचितच विचारले. त्या काळी वृत्तपत्री समीक्षकांनी पडद्यापुढच्या आरतीची थट्टा केली. ती कोण करीत होते आणि कशासाठी, इकडे त्यांचे लक्ष गेले नाही.

'भोळा प्रेक्षक' या कल्पनेची चिकित्सा

वरील सर्व उदाहरणांत तीन कृती पुन्हा पुन्हा दिसतात : वहाणा काढणे, हात जोडणे आणि नाणी टाकणे. तिन्ही कृती चित्रपटगृहात नव्याने जन्मलेल्या नाहीत.

कीर्तनाला बसताना वहाणा काढतातच. पडद्यावर रामकथा सुरू झाली की थिएटरची जागा तेवढ्यापुरती कथेची जागा होते, एवढाच त्याचा अर्थ. हात जोडण्यामागे दर्शनाची कल्पना आहे. देवळातली मूर्ती पाषाणाची आहे हे भक्ताला ठाऊक असते; गणपती तर मातीचा, डोळ्यांदेखत कारखान्यात रंगवलेला आणि दहा दिवसांनी विसर्जित होणारा. मूर्ती कोणी घडवली हे माहीत असणे पूजेच्या आड येत नाही, मग चित्र कोणी घडवले हे माहीत असणे का यावे? चित्रपट-अभ्यासक आशिष राजाध्यक्ष आणि कलासमीक्षक गीता कपूर यांनी फाळके व प्रभात यांच्या चित्रपटांची चर्चा करताना समोरासमोरच्या दर्शनाच्या या परंपरेकडे लक्ष वेधले आहे.

नाण्यांचा प्रश्न अधिक रंजक आहे. कीर्तनाच्या शेवटी आरतीचे तबक फिरते आणि त्यात श्रोते नाणे टाकतात. परंतु नाणी फेकण्याची दुसरी रीतही महाराष्ट्राला परिचित आहे, ती म्हणजे तमाशातील दौलतजादा. तेथे नाणे ही दाद असते. पडद्यावर फेकलेले नाणे देवीला वाहिलेले होते की गाण्याला दिलेली दाद होती? बहुधा फेकणाऱ्यालाही हे वेगळे करून सांगता आले नसते. नाण्याच्या आवाजाबरोबर शिट्टीही वाजे, आणि देवळात शिट्टी वाजवत नाहीत.

जत्रांमधील तंबूंत हे मिश्रण अधिक स्पष्ट दिसते. पश्चिम महाराष्ट्रातील जत्रांतून फिरणाऱ्या तंबूंतील चित्रपटांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) हा माहितीपट केला आहे. जत्रेला आलेला माणूस दिवसा ग्रामदैवताचे दर्शन घेतो आणि रात्री तंबूत शिरतो. तेथे पौराणिक चित्रपट असो वा मारामारीचा, तो त्याच जत्रेचा भाग असतो.

भयपटांचे प्रेक्षक

मराठीत भुतांचा चित्रपट प्रदीर्घ काळ विनोदाच्या सोबतीनेच आला. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) मधील तात्या विंचू हा मंत्रबळाने बाहुल्यात शिरलेला गुंड. ती बाहुली बोलक्या बाहुल्यांचे कलावंत रामदास पाध्ये यांची. एका पिढीतील मुले तिला पाहून हसली आणि रात्री दिवा मालवायला घाबरली. दशावतारातल्या संकासुराचाच हा वंशज म्हणता येईल.

राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (२०१८) हिंदी असला, तरी त्याची भूमी कोकणाची आहे. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीची आठवण देते आणि प्रेरणा नारायण धारप यांच्या भयकथेची आहे. व्हेनिस महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ या चित्रपटाने झाला, पण चित्रपटगृहांत त्याला माफक प्रतिसाद मिळाला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा मात्र पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई झाली. त्यातील 'हस्तर' हा लोभी देव कोणत्या पुराणात आहे, असा प्रश्न अनेक प्रेक्षकांना पडतो. तो कोणत्याही पुराणात नाही. तो चित्रपटासाठी कल्पिलेला आहे. शिकलेल्या शहरी प्रेक्षकाने कल्पित दैवताची पुराणात चौकशी करावी, हे आठवले यांच्या पदाची गाथेत चौकशी करण्यासारखेच झाले.

आदिपुरुष (२०२३)

'लंका दहन' नंतर शंभराहून अधिक वर्षांनी ओम राऊत या मराठी दिग्दर्शकाने रामकथेवर 'आदिपुरुष' हा प्रचंड खर्चाचा चित्रपट केला. तो १६ जून २०२३ रोजी प्रदर्शित झाला. रामकथा सांगितली जाते तेथे मारुती उपस्थित असतो, या श्रद्धेला अनुसरून प्रत्येक चित्रपटगृहात एक आसन मारुतीसाठी राखून ठेवण्याचे निर्मात्यांनी जाहीर केले. काही ठिकाणी त्या आसनावर हनुमंताची तसबीर ठेवून हार घालण्यात आला. रामकथेच्या वेळी मारुतीसाठी पाट मांडण्याची पद्धत जुनी आहे; येथे ती जाहिरातीचा भाग होऊन आली.

पहिल्या दिवसांत गर्दी झाली आणि लगेच नापसंतीची लाट उसळली. लंकादहनाच्या प्रसंगी मारुतीच्या तोंडी घातलेली रस्त्यावरची भाषा लोकांना सहन झाली नाही. रावणाचे रूप आणि संगणकीय दृश्यांचा दर्जा यांवरही टीका झाली. प्रकरण न्यायालयांत गेले. निर्मात्यांनी काही दिवसांतच संवाद बदलले, तिकिटांचे दरही कमी केले, परंतु पहिल्या शनिवार-रविवारनंतर ओसरलेली गर्दी परतली नाही.